तीनदा विचारायचं असतं

माझे वडील तेलेसफोरो आमच्या गावच्या चिरूट कारखान्यात वाचक होते. आम्ही शंभरावर माणसं बाकांपुढच्या उंच लाकडी पाटांवर वाकून चिरूट वळत असायचो आणि ते उंच ओट्यावरच्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचायचे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. त्यांचा पगार मालक देत नसे, आम्ही वळणारेच शनिवारी थाळी फिरवून देत असू. त्यामुळे वाचकाला बसवायचं की उतरवायचं हेही आमच्याच हातात. हातात म्हणजे अगदी हातातच. पान कापायचं अर्धगोल पातं प्रत्येकाकडे असतं. वाचक हवा असला की ते पाटावर टकटक वाजवायचं, नको असला की जमिनीवर टाकायचं. पाती पडली की वाचकाने पुस्तक मिटून खाली यायचं, हुज्जत घालायची नाही.

फक्त वाचकाच्या नात्यातल्यांना मत नाही. त्यांनी त्या वेळी दोन्ही हात पाटावर पालथे ठेवायचे आणि गप्प बसायचं. मी पोटची मुलगी, त्यामुळे माझे हात कायम पालथे. मला हा नियम कधीच पटला नाही. ज्यांना वाचनात काडीचा रस नाही, जे कादंबरीच्या वेळी खुशाल पेंगत, त्यांना मत होतं, आणि जिला बाबांच्या प्रत्येक खोकल्याचा अर्थ कळत होता तिला नाही. पण रीत ती रीत.

त्या वर्षी दुपारची कादंबरी कोळ्यांची होती. कोण एक कप्तान किनाऱ्यावर तोफा लावतो आणि कोळ्यांना दम देतो, असा भाग चालला होता. त्यात एक शब्द आला, 'अमिलानार'. माझ्या शेजारच्या पाटाशी तोमासा बसायची. तिने पातं उगारलं.

"मास्तर, थांबा थांबा! हे काय म्हणालात? शिवी असेल तर नीट समजावून सांगा, घरी उपयोगी पडेल."

बाबांना असं कुणी विचारलं की आवडायचं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "शिवी नाही गं. माणसाला हात न लावता त्याचं अवसान गळवणं, म्हणजे अमिलानार. तो काहीतरी करायला उठलाय आणि तुम्ही त्याला बसवलंत. मारून नव्हे, नुसतं भिववून."

"मग भिववणं म्हणा की सरळ! एवढा लांबलचक शब्द कशाला?"

"कारण त्यात एक पक्षी आहे. स्पेनकडे घारीला मिलानो म्हणतात. जुने शिकारी सांगायचे, घार वर घिरट्या घालायला लागली की खालची पाखरं उडून जात नाहीत. पंख असून उडत नाहीत. जमिनीला चिकटून बसतात. त्या घारीवरून हा शब्द आला, असं माझ्या कोशात दिलंय."

"हात्तिच्या! ससाणा दिसला की माझी कोंबडी करते तेच की!"

"तेच. आणि लक्षात ठेव, तेव्हा घार अजून खाली उतरलेलीसुद्धा नसते."

"आमच्या ह्यांचं तसंच होतं," तोमासा म्हणाली, "माझी आई नुसती दारात उभी राहिली की."

सगळा हॉल हसला. पाती वाजली. बाबांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि पुढे वाचायला लागले. मला ती दुपार इतकी आठवते याचं कारण, त्यानंतर त्या हॉलमध्ये बरेच दिवस कुणी मोकळं हसलं नाही.

त्याच आठवड्यात डोंगरापलीकडच्या गावातले वळणारे काम टाकून बाहेर पडल्याची बातमी पेपरात आली. बाबांनी ती वाचली. पेपरात होती म्हणून वाचली. न वाचते तर मीच त्यांना घरी गेल्यावर विचारलं असतं. मालक त्याच सुमाराला आमचा मजुरीचा दर कमी करायच्या बेतात होता. ही कुजबुज आमच्या कानावर आली होती आणि आमची कुजबुज त्याच्या. वाचकाला स्वतः हाकललं तर सगळे एकदम उठतील, हे न कळण्याइतका तो दुधखुळा नव्हता.

त्याने वाचकाला हात लावलाच नाही. सोमवारी आम्ही आलो तर तराजूजवळ एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. काळा कोट, गुडघ्यावर हॅट, चेहरा मातीच्या मडक्यासारखा. कुणाशी बोलेना, काही लिहीना. मधूनच एखाद्याकडे मान वळवायचा आणि बघत राहायचा, नको इतका वेळ. आमच्यात सिप्रियानो म्हणून वडीलधारा माणूस होता, वाचनाच्या पंचांचा मुख्य. त्याने मालकाला विचारलं, हे कोण? मालक म्हणाला, "पाहुणे आहेत." आणि हसला.

झालं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. कुणी म्हणे राजधानीतला पोलीस आहे, कुणी म्हणे अमेरिकन कंपनीचा माणूस आहे, हा ज्याच्याकडे बघतो त्याला खोऱ्यातल्या कुठल्याच कारखान्यात काम मिळत नाही. तोमासाला चार लेकरं. "नीना, आज तो दोनदा माझ्याकडे बघून राहिला," ती मला म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिची बडबड आटली. सिप्रियानो तरुणपणी एका संपात तुरुंगात जाऊन आला होता. तो तर पाटावरून मानच वर करीना. प्रत्येकाने आपापल्या घरची भीती आणून त्या माणसाच्या अंगावर चढवली, आणि तो आपला तिथे बसून होता.

मग मालकाने सिप्रियानोला बोलावलं आणि गोड आवाजात म्हणाला, "बरेच दिवस वाचकाचं मत घेतलेलं नाही तुम्ही. तुमची रीत आहे ना ती? घ्या की. माझं काहीच म्हणणं नाही."

मत घ्यायची रीत अशी. वाचक ओट्यावर उभा राहतो आणि विचारतो, "मी वाचू का?" पाती वाजली तर प्रश्न मिटला, पडली तरीही मिटला. काहीच झालं नाही तर त्याने पुन्हा विचारायचं. तरी काही नाही तर तिसऱ्यांदा. माणूस गोंधळलेला असतो, झोपेत असतो, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो, म्हणून आमच्या जुन्या माणसांनी हे तीनदा ठेवलं होतं. पण माझ्या आठवणीत दुसऱ्यांदा विचारायची वेळ कधी आली नव्हती.

बाबा उभे राहिले. मी हात पालथे ठेवले. मालक दारात, पाहुणा खुर्चीत.

"मी वाचू का?"

एक पातं वाजलं नाही. पडलंही नाही. सगळ्यांनी मूग गिळले होते. मी तोमासाकडे बघितलं, ती तंबाखूच्या पानाकडे अशी बघत होती की जणू पान जन्मात पहिल्यांदा दिसतंय. सिप्रियानोच्या मानेवर घाम होता. पाहुण्याने सावकाश मान वळवली, डावीकडून उजवीकडे. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? ह्या लोकांना माझ्या बापाने वीस वर्षं वाचून दाखवलं होतं, घसा बसला तरी मीठपाण्याच्या गुळण्या करून वाचलं होतं.

बाबांनी पुस्तक मिटलं, काखेत धरलं आणि पायऱ्या उतरून हॉलच्या मधून चालत बाहेर गेले. मालकाचा खोकला सुंठीवाचून गेला.

त्यानंतर हॉलमध्ये फक्त पानांची सळसळ. हात तेच, पान तेच, पण वळलेला चिरूट मनासारखा येईना. लोक माझ्याशी नको तितकं गोड बोलायला लागले. तोमासाने एकदा केळ्याच्या पानात गुंडाळून खारा मासा आणला. "मास्तरांना दे," म्हणाली. मी तो तिच्यासमोर पाटाखालच्या मांजराला घातला. तिने पान पुढे ओढलं आणि वळायला लागली, पण मलाही त्याने बरं वाटलं नाही.

घरी बाबा परसात कोंबड्यांमध्ये बसून असत. वाचणं तर सोडलंच होतं, चष्मासुद्धा कुठे ठेवला होता कोण जाणे. कॉफी दिली तर घ्यायचे, बोललं तर हं म्हणायचे. ज्या माणसाच्या आवाजावर शंभर माणसांचा दिवस सरायचा, तो दिवसभरात दहा शब्द बोलत नव्हता. मला वाटायला लागलं की हे असेच बसून बसून संपणार. तेवढीच एक काळजी मला होती. दर गेला खड्ड्यात, माझ्या बापाला ती खुर्ची परत मिळायला हवी होती.

एका रविवारी मी खालच्या गावच्या बाजारात अंडी विकायला गेले. चर्चच्या पायऱ्यांशी एक जण गळ्यात पेटी अडकवून कंगवे विकत होता. कंगवे, रिबिनी, सुया, देवाच्या तसबिरी. "या ताई, शिंगाचा कंगवा घ्या, ऊ नावाला राहणार नाही!" मी थबकले. कोट नव्हता, हॅट नव्हती, पण मडकं तेच होतं.

मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "ओळखलंत का मला?"

तो डोळे बारीक करून माझ्या नाकाला नाक लागेल इतका पुढे आला. "कोण, लुसियाची बहीण का?"

"मी कारखान्यातली. तराजूसमोरची तिसरी रांग. रोज बघता की माझ्याकडे."

त्याच्या हातातला कंगवा पडला. "अहो ताई, हळू बोला! मला कुठलं दिसतंय? दहा हातांपलीकडे मला सगळं धुकंच. मालक म्हणाले, बोलायचं नाही, हसायचं नाही, मधूनमधून मान वळवायची आणि वळवली की लगेच परत आणायची नाही. दुपारचं जेवण मिळतं आणि कोटही त्यांचाच. माझी बायको अंथरुणाला खिळलीये. मी कुणाचं काही वाकडं केलंय का?"

"माझ्या बापाला उतरवलंत तुम्ही!"

"मी? कोणाला?" तो खरंच गोंधळला होता. "त्या दिवशी कोणीतरी काहीतरी विचारलं आणि मग सगळे गप्प बसले, एवढंच मला कळलं. मला वाटलं, प्रार्थना चाललीये."

मला हसू आलं आणि त्याच्या मुस्काटात मारावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही. टोपली उचलली आणि उरलेली अंडी न विकताच डोंगर चढायला लागले. वाटेत मी सगळं ठरवलं. उद्या पाटावर उभी राहणार आणि सांगणार, अरे भित्र्यांनो, कंगवेवाल्याला भ्यालात! लोक हसतील, चिडतील, बाबांना खांद्यावर घेऊन येतील.

बाबा परसातच होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ते आधी हसले, कितीतरी दिवसांनी. मग हसू थांबलं आणि त्यांनी तोंड फिरवलं.

"बाबा, अहो, झालं ना आता! उद्या सगळ्यांना सांगते."

"नाही सांगायचं."

"का?"

"ससाणा नाही असं कळल्यावर कोंबडी उठतेच, नीना. त्यात तिचं काय कौतुक? तो कंगवेवाला आहे म्हणून त्यांनी पाती वाजवली, तर ती टकटक माझ्यासाठी होणार नाही. आणि उद्या मालक दुसरा कोणी आणून बसवेल, खराखुरा. तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा! तुम्हाला खुर्ची नकोय का?"

"हवीये." हा शब्द त्यांनी इतक्या जोरात उच्चारला की कोंबड्या पांगल्या. "हवीये गं. पण मी कितीदा विचारलं, तू ऐकलंस ना?"

मी अंड्यांची टोपली खाली ठेवली.

"तीनदा विचारायचं असतं," बाबा म्हणाले. "मी एकदाच विचारलं. त्यांना शब्द समजावून सांगणारा मी, घार अजून खाली आलेली नसते असं ऐटीत सांगणारा मी. त्या माणसाने मान वळवली आणि तेवढ्यानेच मी भ्यालो. वाटलं, दुसऱ्यांदा विचारलं आणि पाती पडली तर? त्यापेक्षा आपणच उतरलेलं बरं. त्यांनी मला उतरवलं नाही, मीच उतरलो. इतके दिवस मी त्यांना मनातल्या मनात शिव्या देतोय आणि आतून माहिती आहे की मीही बसलोच होतो दबून."

मी त्यांच्या पायाशी बसले. मला रडू आलं. इतके दिवस मी सगळ्या गावावर दात खात होते, आणि ह्यांच्यावर चिडावं की ह्यांना जवळ घ्यावं ते आता कळेना. शेवटी मी म्हणाले, "चष्मा कुठे ठेवलाय?"

"पिठाच्या डब्यात," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर निघाले. पांढरा सदरा मीच इस्त्री करून दिला. मालक दारातच होता. "मास्तर! इकडे कुठे?"

"मत अर्धवट राहिलंय, मालक. एकदाच विचारून झालंय, दोनदा राहिलंय. सिप्रियानोला विचारा, रीत काय आहे ती."

सिप्रियानोने मान वर केली. कितीतरी दिवसांनी केली असेल. "खरं आहे," तो पुटपुटला. "तीनदा विचारायचं असतं."

मालकाने तराजूकडे बघितलं. पाहुणा कोट घालून जागेवर होता. मालकाला काय घाई! औषध लागू पडलंय हे त्याने एकदा पाहिलं होतं. "विचारा की," तो म्हणाला. "मन भरेपर्यंत विचारा."

बाबा ओट्यावर चढले. मी हात पालथे ठेवले. पाहुण्याला माझा चेहरा दिसत नव्हता, पण मी तिसऱ्या रांगेत आहे हे त्याला माहीत होतं. तो माझ्या दिशेने बघत राहिला आणि त्या बघण्यात नुसती विनवणी होती. लोकांना मात्र तेच बघणं जहरी वाटलं. माझ्या आजूबाजूची डोकी आणखी खाली गेली.

"मी वाचू का?" बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं.

एकही पातं हललं नाही. माझ्या जिभेच्या टोकावर कंगवे होते. एक शब्द बोलले असते तर सगळा हॉल हसला असता. मी ओठ इतके घट्ट चावले की तोंडात खारट चव आली. हात पालथे आणि तोंड बंद. ज्याच्यासाठी जीव तुटत होता त्यानेच मला असं दोन्हीकडून बांधून ठेवलं होतं. तोमासाची बोटं पात्यावर होती. ती बोटं उठली आणि पुन्हा बसली. तिची चार लेकरं मला त्या बोटांत दिसली आणि पहिल्यांदाच माझा तिच्यावरचा राग उतरला.

बाबा थांबले. ह्या वेळी ते उतरले नाहीत.

"मी," ते म्हणाले, आणि आवाज फुटला. घसा खाकरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "मी वाचू का?"

पुढचं सगळं मला माहीत आहे. दर कमी झालाच, आम्ही काम टाकून बाहेर पडलो, नाताळ उकडलेल्या कच्च्या केळ्यांवर काढला आणि शेवटी मालकाने कारखान्याला कुलूप ठोकलं. आम्ही कुठे कुठे पांगलो. तोमासाची थोरली पोर त्याच थंडीत गेली. त्या टकटकीने ह्यातलं काहीच टळलं नाही.

पण तेव्हा त्यातलं काही झालेलं नव्हतं. तेव्हा फक्त तोमासाने डोळे मिटले आणि पातं एकदा पाटावर आपटलं. टक. पाहुणा दचकला आणि त्याची हॅट घरंगळत गेली. कुणी हसलं नाही. तो कोण हे कुणाला माहीत नव्हतं, तो काय करेल हेही माहीत नव्हतं. सिप्रियानोने वाजवलं. मग मागच्या रांगेतून, मग दाराजवळून, मग कुठून कुठून ते कळेनासं झालं.

मी हात उचलले नाहीत. सगळ्या हॉलमध्ये फक्त माझे हात थांबलेले होते. रीत म्हणून मी ते तसेच पालथे ठेवले, आणि खालचा पाट माझ्या तळहातांना हादरे देत राहिला.